पाठ : दृष्टिपटलाचे कार्य

उद्देश : डोळा दृश्य नुसते टिपीत नाही, त्यातील सार निवडून मेंदूकडे धाडतो, हे मुलांस प्रयोगाने पटवून देणे.

साहित्य : पांढरा कागद, काळा कागद, एकाच राखी कागदाचे दोन सारखे तुकडे.

विवेचन : दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी दंडपेशी व ६० लक्ष शंकुपेशी असतात. मेंदूकडे जाणारे मज्जातंतू मात्र सुमारे १० लक्षच. म्हणून मधल्या मज्जापेशी संदेश एकत्र करून व गाळून पुढे पाठवितात. उजळलेला भाग शेजारच्या भागाचा संदेश क्षीण करतो. त्यामुळे वस्तूच्या कडा ठळक होतात. हे कार्य खेकड्यासारख्या एका सागरी प्राण्याच्या डोळ्यात हार्टलाइन यांनी उलगडले. त्यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

प्रयोग : एक तुकडा पांढऱ्या कागदावर, दुसरा काळ्यावर ठेवावा. काळ्यावरील तुकडा अधिक उजळ भासेल. तुकड्यांची अदलाबदल करावी. तरी तोच अनुभव येईल. डोळा उजेड मोजीत नाही, तुलना करतो.

शिक्षकांस सूचना : अचलपूर भागातील चैत्राच्या उन्हातून अंधाऱ्या वर्गात आलेल्या मुलास फळा प्रथम नीट दिसत नाही. दंडपेशींस काळोखाशी पूर्णपणे जुळवून घेण्यास सुमारे अर्धा तास लागतो. वाचावयास सांगण्यापूर्वी त्यास थोडा अवधी द्यावा. तिन्हीसांजेस नेहमी चाचपडणाऱ्या मुलास मात्र दटावू नये. दंडपेशींतील प्रकाशग्राही द्रव्यास ‘अ’ जीवनसत्त्व लागते; ते न मिळाल्यास रातांधळेपणा येतो, पुढे दृष्टीही जाऊ शकते. पालकांस भेटून मुलास विनाविलंब आरोग्य केंद्रात पाठवावे.

प्रश्न : काळ्या फळ्यावर पांढरा खडू का वापरतात?