मापात बसणारा सैल शर्ट

तयार शर्टांवर 38, 40, 42 असे जे आकडे छापलेले असतात, ते छातीच्या किंवा गळ्याच्या एकाच मापाचे निदर्शक असतात. शरीर मात्र एका आकड्यात मावत नाही. खांदे अरुंद आणि पोट सुटलेले, किंवा वयोमानाने खांद्याचा सांधा आखडलेला, अशा व्यक्तीने पोटावर बटणे लागावीत म्हणून मोठा आकार निवडला, की खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि हात वर करताच संपूर्ण शर्ट वर ओढला जातो. घरच्या शिलाई यंत्रावर कागदी नमुन्यावरून शिवलेला, अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट हा यावरील खात्रीचा उपाय होय. तो स्वस्त पडेलच असे नाही. सवलतीच्या काळात तयार शर्ट त्याहून कमी किमतीत मिळू शकतो. येथे लाभ मोजायचा तो पैशात नव्हे, सुखात.

निरनिराळ्या आकारांत मिळणारे कागदी नमुने ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या इबेनेझर बटरिक या शिंप्याची देणगी. 1863 मध्ये त्याने असे नमुने विक्रीस आणले आणि शिंप्याचे बेतण्याचे कौशल्य घरोघरी पोहोचले. आपल्याकडे नमुना विकत न घेता, अंगास नीट बसणाऱ्या जुन्या शर्टाच्या शिवणी उसवून त्यावरून तो कागदावर उतरवण्याची पद्धतही रूढ आहे. तीही तितकीच उपयुक्त आहे.

विकतच्या नमुन्यावर दिलेले माप बहुधा शरीराचे असते, शर्टाचे नव्हे. छाती 40 इंच असेल, तर सैल शर्टाचा घेर 46 इंचांच्या आसपास हवा आणि ही वाढ नमुन्यात आधीच धरलेली असते. ती ध्यानात न घेता पुन्हा सहा इंच वाढवले, की शर्टाचा झगा होतो. यासाठी आवडत्या शर्टाची बटणे लावून तो सपाट पसरावा, काखेखालची रुंदी मोजून तिची दुप्पट करावी आणि ती नमुन्याच्या घेराशी ताडून पाहावी.

सर्वाधिक गैरसमज आहे तो मुंढ्याविषयी, म्हणजे बाही जोडण्याच्या वक्र कडेविषयी. मुंढा खोल ठेवला की हात मोकळा राहील, असे वाटते. प्रत्यक्षात घडते ते उलट. मुंढा जितका खाली, तितके हातासोबत अंगाचे कापड अधिक ओढले जाते. तो काखेलगत ठेवावा आणि मोकळीक बाहीत द्यावी. बाहीच्या माथ्याचा उंचवटा कमी करून तिची रुंदी वाढवली, की हात सहज वर जातो. हात खाली असताना काखेत थोड्या चुण्या दिसतील, त्या खुशाल दिसू द्याव्यात. पाठीवर दोन्ही खवाट्यांवर एकेक चुणी घातली, तर पुढे वाकतानाही शर्ट ताणला जात नाही. मधोमध घातलेली एकच चुणी दिसते सुबक, पण तेवढी उपयोगी पडत नाही.

कापड सुती घ्यावे. नागपूरचा मे महिना असो वा कोकणातील दमट दुपार, घाम टिपणारे दुसरे तितके स्वस्त वस्त्र नाही. खादी वा हातमागाचे 36 इंच पन्ह्याचे कापड असल्यास साधारण सव्वादोन ते अडीच मीटर लागते. कापण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्यावे. शेकडा चार या प्रमाणात जरी ते आटले, तरी 16 इंचांचा गळा अर्ध्या इंचाहून अधिक आवळतो, आणि तो दोष पहिल्या धुण्यानंतरच उघडकीस येतो.

बँकेत कर्ज देताना मार्जिन राखले जाते, तसे शिंपीही राखतो. कडेने सोडलेल्या अर्ध्या-पाऊण इंचावर पुढील दुरुस्तीची सारी भिस्त असते. त्याहून मोठी सुरक्षितता म्हणजे मांजरपाटाचा कच्चा शर्ट. कॉलर, खिसा, काजे यांपैकी काहीही न करता केवळ अंग आणि बाह्या मोठ्या टाक्यांनी जोडाव्यात, मग घालणाऱ्याने हात वर करून, खुर्चीवर बसून, वाकून पाहावे. जेथे ताण येईल तेथे पेन्सिलीने खूण करून नमुना सुधारावा. उत्तम कापडाला कात्री लागते ती त्यानंतर. नमुन्यावरील बाण कापडाच्या काठाला समांतर ठेवावा. बाणाच्या दोन्ही टोकांपासून काठापर्यंतचे अंतर मोजूनच टाचण्या लावाव्यात, अन्यथा धुतल्यावर शर्टाचा घेर पिळवटतो.

शिवण्याचा क्रम सरळ आहे. प्रथम खिसा आणि बटणपट्टी, मग खांदे, त्यानंतर कॉलर. नवशिक्यांनी उभ्या पट्टीची कॉलर टाळून उघड्या गळ्याची कॉलर घ्यावी. बाही मुंढ्याला सपाट असतानाच जोडावी आणि शेवटी बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एकच सलग टीप मारावी. शिवणीची एक कड अरुंद कापून दुसरी तिच्यावर दुमडून शिवली, म्हणजे सुटे धागे त्वचेला टोचत नाहीत. काजे हाताने करणे जिकिरीचे वाटल्यास बाजारपेठेत काज-बटण करून देणारे कारागीर असतातच. त्यांच्याकडे शर्ट देताना बटणांच्या जागा खडूने आखून द्याव्यात आणि त्यांतील एक बटण पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर नेमके येईल, असे पाहावे.