ओंडका फुटतो, मग गर्डर का वाकतो?

प्रश्न : आमचं घर कळंब्यात. न्हाणीघरात तांब्याचा बंब अजून रोज पेटतो आणि धाकट्या भावाची चुलीवरच्या मटणाची खाणावळ आहे. त्यामुळे मे महिन्यात पावसाळ्याचं जळण भरून ठेवावं लागतं. लाकूड फोडायला येणारी माणसं आता मिळत नाहीत. घरामागच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल असं सगळं आहे. भंगारातून एक जुना हायड्रॉलिक सिलिंडरही आणला आहे : बोअर १०० मिलिमीटर, रॉड ५० मिलिमीटर, स्ट्रोक ५०० मिलिमीटर. थ्री फेजची ५ हॉर्सपॉवरची मोटर पडून आहे. लाकूड फोडायचं यंत्र घरीच बनवावं म्हणतो. एवढ्याशा मोटरवर बाभळीचा ओंडका फुटेल का? तेलात इतका जोर येतो तरी कुठून? आणि ओळखीचे फॅब्रिकेटर म्हणतात, खाली १५० मिलिमीटर उंचीचा गर्डर पुरे. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, कळंबा, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा सर्वांत मोलाचा आहे. जोर कुठून येतो हे सगळेच विचारतात. तो जोर शेवटी कुठे जातो, हे फार थोडे विचारतात. घरी बनवलेली बहुतेक यंत्रं बिघडतात ती याच ठिकाणी. पण आधी लाकडाकडे पाहू.

लाकूड कापत नाही, उकलतं

लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी. तंतू तोडायला फार ताकद लागते, पण एक तंतू दुसऱ्यापासून सोडवायला त्या मानाने कमी लागते. म्हणून करवतीला आडवं कापताना वेळ लागतो आणि कुऱ्हाडीचा एक नेमका घाव उभी फाक करून जातो. पाचरीची धार फक्त सुरुवात करून देते. एकदा चीर पडली की ती धारेच्या पुढे धावते. मग काम करतात त्या पाचरीच्या दोन्ही बाजू : त्या लाकूड फाकवत जातात.

जुने लाकूडफोडे घाव घालण्याआधी ओंडका फिरवून पाहत असत. सुकलेल्या ओंडक्याच्या तोंडावर मधून बाहेर जाणाऱ्या बारीक चिरा असतात. त्यातली सर्वांत रुंद चीर शोधून पाचर तिच्यावर धरायची. गाठ दिसली तर तिला बगल द्यायची, कारण गाठीत फांदीचे तंतू खोडाच्या तंतूंना आडवे गेलेले असतात. बाभळीत अशा गाठी फार. यंत्र आलं म्हणून ही नजर सोडू नका. यंत्र गाठही फोडेल, पण तेवढा ताण स्वतःच्या अंगावर घेऊन.

बंबाला हाताएवढ्या ढलप्या लागतात आणि चुलीला मनगटाएवढी फाटी. न फोडलेला ओंडका सालीमुळे आतून ओलाच राहतो. ओल्या लाकडाची काही आच पाणी आटवण्यात जाते आणि धूर वाढतो. म्हणून जळण आणल्याबरोबर फोडून, आडोशाला हवेशीर रचून ठेवावं, हा घरातल्या जुन्या माणसांचा आग्रह अगदी बरोबर होता.

तेलात जोर कुठून येतो?

तेल जोर तयार करत नाही, पोचवतं. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलं. त्यावरून इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. ट्रकखाली लावतो तो बॉटल जॅक याच घराण्यातला.

जॅकचं गणित पाहा. धरा, त्यातला छोटा दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आणि वर उचलणारा मोठा ४० चा. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. दांड्याच्या तरफेने आणखी वीसपट मिळालं, तर हाताचे ३० किलो वर ९,६०० किलो होतात. मात्र याची किंमत मोजावी लागते. छोटा दट्ट्या २ सेंटिमीटर खाली गेला की मोठा जेमतेम सव्वा मिलिमीटर वर येतो. जोर वाढला तेवढी चाल कमी झाली.

आता तुमचा सिलिंडर. १०० मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. दाब १६० बार ठेवला तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १६३ किलो, म्हणजे एकूण सुमारे १२,८०० किलो. पावणेतेरा टन! घरगुती जळणाला हे भरपूर आहे.

मोटरही पुरते. १,४४० फेऱ्यांच्या मोटरवर दर फेरीला ८ सीसी तेल देणारा गिअर पंप लावला तर मिनिटाला साडेअकरा लिटर तेल मिळतं. १६० बारला त्यासाठी साधारण ३.६ किलोवॅट लागतात, आणि तुमची ५ हॉर्सपॉवर म्हणजे ३.७ किलोवॅट. पूर्ण स्ट्रोक जायला सुमारे २० सेकंद, परत यायला १५. बहुतेक ओंडके निम्म्या वाटेतच फुटतात, तेव्हा तिथूनच रॉड मागे घ्यायचा. चाल वाढवायची असेल तर दोन टप्प्यांचा पंप मिळतो. तो मोकळं असताना भरपूर तेल कमी दाबाने देतो आणि लाकूड लागलं की थोडं तेल जास्त दाबाने.

आता तो जोर जातो कुठे?

सिलिंडर ओंडक्याला पावणेतेरा टनांनी ढकलतो, तेव्हा तो स्वतःही तेवढ्याच जोराने मागे रेटला जातो. एका टोकाला सिलिंडरचा अँकर, दुसऱ्या टोकाला पाचर, आणि दोघांना एकत्र धरून ठेवणारा गर्डर मध्ये. म्हणजे ओंडका फुटेपर्यंत गर्डर अक्षरशः ओढला जात असतो. शिवाय ही ओढ गर्डरच्या मध्यातून जात नाही, त्याच्या वरून जाते. त्यामुळे तो नुसता ताणला जात नाही, वाकवलाही जातो. दोन्ही टोकं मागे झुकायला पाहतात आणि मधला भाग वर उचलायला पाहतो.

आकडे मांडू. सिलिंडरचा मध्य गर्डरच्या पाठीपासून ८ सेंटिमीटर वर आहे असं धरा. याहून फार खाली त्याला बसवता येणार नाही.

१५० चा गर्डर : वाकवण्यामुळे येणारा ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २,०५० किलो, सरळ ओढीचा ६७० किलो. बेरीज २,७२०.
२०० चा गर्डर : वाकवण्याचा सुमारे १,०३० किलो, ओढीचा ४००. बेरीज १,४३०.

साधं स्ट्रक्चरल पोलाद दर चौरस सेंटिमीटरला अडीच हजार किलोच्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे १५० चा गर्डर तुमच्या मोटरने वाकू शकतो, आणि २०० चा निवांत काम करतो. उंची फक्त ५० मिलिमीटरने वाढली, पण वाकण्याला विरोध करायची ताकद दुपटीहून जास्त झाली. फॅब्रिकेटरचा अनुभव खोटा नाही. शेडच्या छताला १५० चा गर्डर उत्तमच. पण छताचं वजन आणि हा रेटा यांत फरक आहे.

मी बनवलेल्या पहिल्या यंत्राला १५० चाच गर्डर होता. पहिले काही दिवस नीलगिरी आणि सुबाभूळ सहज फुटली. मग बाभळीचा एक गाठाळ बुंधा आला. दाबाचा काटा चढत गेला, लाकूड कुरकुरलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर पाचर हळूच मागे कलली. बुंधा फुटला. पण यंत्र थांबवल्यावरही पाचर सरळ झाली नाही. वेल्ड शाबूत होतं. वाकला होता तो गर्डर. त्या दिवसापासून मी आधी गर्डरचं गणित करतो आणि मग सिलिंडर निवडतो.

बीड इथे नको

कोल्हापूर हे फाउंड्रीचं गाव. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे हवं ते ओतून मिळतं. म्हणून पाचर बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची, ओतून घ्यावी असा मोह होतो. तो टाळा. बीड दाब उत्तम सोसतं, ओढ सोसत नाही. ओढ वाढली की ते वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. पाचर आणि अँकर दोन्हीला २५ मिलिमीटरची पोलादी प्लेट वापरा, पाठीमागे भक्कम आधार द्या आणि धारेवर हार्डफेसिंगच्या रॉडचा थर चढवा. धार वस्तऱ्यासारखी नको. साधारण ३० अंशांचा कोन आणि मागे रुंदावत गेलेल्या बाजू असल्या की पुरे.

भंगारातला सिलिंडर

जुनं लोखंड नव्या कामाला लावणं ही या भागाची जुनी रीत आहे. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या आणि त्यांतून शेतकऱ्यांसाठी नांगर झाले. तेव्हा भंगारातून सिलिंडर आणलात याचा मला आनंदच आहे. फक्त तीन गोष्टी तपासा. रॉड काचेवर लोळवून सरळ आहे का पाहा. त्याचं क्रोम बोटाने चाचपा, कारण क्रोम उडालेला रॉड महिन्याभरात सील खातो. आणि आतून बोअरवर उभे ओरखडे असतील तर होनिंग करून घ्या. सील किट मात्र डोळे झाकून नवंच टाका.

टाकी ३५ लिटरची करा, म्हणजे तेल तापणार नाही. हायड्रॉलिकचं ६८ नंबरचं तेल आपल्या हवेला चालतं. आपल्याकडच्या पावसात टाकीचं झाकण सैल राहिलं तर तेलात पाणी शिरतं. तेल दुधाळ दिसलं की बदला.

होज पाइप घेताना एक जाळीचा घेऊ नका. अर्ध्या इंचाचा आर-वन होज जेमतेम १६० बारचा असतो, म्हणजे तुम्ही त्याला रोज त्याच्या मर्यादेवर राबवणार. दोन जाळीचा आर-टू होज २७५ बारपर्यंत चालतो. जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह १६० वर लावा, दाबाचा गेज डोळ्यांसमोर बसवा, आणि लाकूड फुटत नाही म्हणून रिलीफचा स्क्रू आवळू नका. ओंडका काढून, फिरवून पुन्हा लावा.

दोन गोष्टी जिवाच्या

पहिली : तेल कुठून झिरपतंय हे हाताने चाचपून कधीही पाहू नका. १६० बारचा सुईएवढा फवारा कातडीत शिरतो. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत तेल पसरून बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर तासभरही न थांबता रुग्णालय गाठा आणि दाबाखालचं तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून, लांबून.

दुसरी : यंत्र एकाच माणसाने चालवायचं. एक लाकूड धरतोय आणि दुसरा लिव्हर ओढतोय, हीच अपघाताची खरी जागा. लिव्हर असा बसवा की हात सोडला की सिलिंडर जागीच थांबेल. त्याहून चांगलं म्हणजे दोन लिव्हर, दोन्ही हात गुंतवणारे. ओंडक्याची दोन्ही तोंडं काटकोनात कापलेली असू द्या. तिरक्या तोंडाचा ओंडका दाब येताच बाजूला उसळतो. डोळ्यांना चष्मा, पायांत बूट, मोटरला अर्थिंग हे न सांगताही तुम्ही कराल.

प्रश्न : एवढं सगळं नको असेल, नुसत्या बंबापुरतं काही करता येईल का?

उत्तर : येईल. १० टनांचा बॉटल जॅक घ्या आणि चॅनेलची चौकट उभी वेल्ड करा. खाली जॅक, वर उलटी टांगलेली पाचर आणि मध्ये फूटभर लांबीचा ओंडका. जॅक उभाच ठेवा. आडवा केला तर बऱ्याच जॅकच्या पंपात हवा शिरते आणि तो जोर धरत नाही. काम संथ होतं, पण रोजच्या बंबाला पुरतं, वीज लागत नाही आणि हायड्रॉलिकचं सगळं तत्त्व हाताला कळतं. मोठं यंत्र करण्याआधी हे करून पाहावं, असा माझा मनापासून सल्ला आहे.

प्रश्न : यंत्र तयार झाल्यावर ते भरवशाचं आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : गवंड्याच्या सुताने. पहिल्या दिवशी लाकूड न लावता सिलिंडर दहा वेळा पुढे-मागे करा, हवा निघून जाऊ द्या, टाकीतलं तेल पाहा. मग गर्डरच्या खालच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून बघा. आधी मऊ लाकूड फोडा, पुन्हा सूत लावा. शेवटी तुमच्याकडचा सर्वांत गाठाळ बाभळीचा तुकडा लावा, काटा १६० ला जाऊ द्या, आणि परत सूत लावा. मध्ये नखभरही फट दिसली तर गर्डर वाकायला लागला आहे. त्याला खालून प्लेट वेल्ड करत बसू नका, मोठा गर्डर आणा.

आणि तिन्ही वेळा सूत लोखंडाला चिकटून राहिलं, तर मे महिन्याचं जळण फोडायला घ्या.