परदेशी गिऱ्हाईक, मुंबईचा माल : करारात कायदा कुठला लिहायचा आणि खर्च किती?

लालबागच्या कारखान्यातून मूर्ती न्यू जर्सीला निघते, दादरचा फराळ लंडनला जातो, गिरगावात बसून कोणी सिंगापूरच्या कंपनीसाठी डिझाइन करतं. दोन-चार ईमेल आणि एक बिल, एवढ्यावर व्यवहार चालतो. पैसे अडकले की मात्र पहिला प्रश्न उभा राहतो : कायदा आपला लागणार की त्यांचा? करार करतानाच ते लिहून घेतलं तर काम एका ओळीत होतं. राहून गेलं तर त्या एका मुद्द्यावरच वकिलांच्या फीची सुरुवात होते.

न्यायालय कसं ठरवतं?

करारात कायद्याचं नाव असेल तर साधारणपणे तोच लागतो. नसेल तर बाकीच्या अटींवरून दोघांच्या मनात काय होतं, ते पाहिलं जातं. तेवढ्यानंही उलगडलं नाही, तर व्यवहाराचा सर्वांत जवळचा संबंध कुठल्या देशाशी आहे हे तपासतात : करार कुठे झाला, माल कुठे द्यायचा होता, पैसे कुठे चुकते करायचे होते. एनटीपीसी विरुद्ध सिंगर (1992) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही चौकट स्पष्ट केली.

मधल्या पायरीचा दाखला मुंबईच्या कापूसबाजारातला आहे. 1957 मध्ये इथल्या धनराजमल गोबिंदराम पेढीनं युगांडातल्या कंपालाच्या शामजी कालिदास कंपनीशी आफ्रिकी कापसाचा सौदा केला. वाद झाला. सौद्यात मुंबईच्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचे नियम आणि मुंबई उच्च न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलेलं होतं. त्यावरून भारतीय कायदा लागू होतो, असं ठरलं. पण ते ठरलं 1961 मध्ये, सर्वोच्च न्यायालयात.

तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा

कायदा कुठला, वाद कुठे सोडवायचा आणि वसुली कुठे करायची, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. नुसतं ‘भारतीय कायदा लागू’ लिहिल्यानं खटला मुंबईतच चालेल असं नाही. आणि मुंबईत जिंकूनही गिऱ्हाइकाची मालमत्ता अमेरिकेत असेल, तर वसुलीसाठी तिथल्या न्यायालयाचं दार ठोठावावं लागतं. म्हणून मोठ्या व्यवहारात लवादाची अट सोयीची : 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे मुंबईतला लवादाचा निवाडा अमेरिका, ब्रिटन, सिंगापूरसह बहुतेक व्यापारी देशांत अमलात आणता येतो.

मसुदा एवढाच पुरे : ‘या कराराला भारतीय कायदा लागू राहील. वाद लवादाकडे सोपवला जाईल. लवादाचं स्थान मुंबई, भाषा इंग्रजी, लवाद एकच.’

समोरचा जर्मनीच्या कायद्यावर अडून बसला तर सावध. मालविक्रीचा 1980 चा व्हिएन्ना करार भारतानं स्वीकारलेला नाही, जर्मनीनं स्वीकारला आहे, म्हणून तिथल्या कायद्याबरोबर तोही लागू होतो. तो नको असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं.

खर्चाचा अंदाज

- मुद्रांक : वेगळा दर नसलेल्या साध्या करारासाठी ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपये (आधी 100). परदेशात सही झालेला करार महाराष्ट्रात आल्यापासून 3 महिन्यांत मुद्रांकित करा.
- अपोस्टिल (परदेशात वापरायच्या कागदाचं सरकारी प्रमाणन) : सरकारी शुल्क दर कागदामागे 50 रुपये. एजंटची रक्कम वेगळी, ती आधी विचारा.
- वकील : तासावर नको, ‘एका कराराच्या तपासणीचे किती’ असं ठरवून लेखी घ्या.
- मुंबईत दावा : न्यायालय शुल्क रकमेनुसार वाढतं, 2018 पासून कमाल मर्यादा 10 लाख रुपये.
- लवाद : पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सकडे (आयसीसी) अर्ज करतानाच 5,000 डॉलर, म्हणजे चार लाखांहून अधिक रुपये, आणि ते परत मिळत नाहीत. लवादाची फी आणखी निराळी. 2016 पासून मुंबईतही आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. दोघांचे दर मागवून तुलना करा.

तुम्हीच गिऱ्हाईक असाल तर

परदेशी संकेतस्थळाच्या अटींत ‘कॅलिफोर्नियाचा कायदा’ लिहिलेला असला तरी घाबरून तक्रार सोडू नका. 2020 चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या ग्राहक आयोगात जाता येतं. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. 5 ते 10 लाखांना 200 रुपये, 10 ते 20 लाखांना 400. मुदत 2 वर्षं. आधी 1915 या हेल्पलाइनवर नोंद करा. कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडे लगेच हरकत घ्या. कंपनीचं भारतात कार्यालयच नसेल तर आयोगाच्या आदेशापेक्षा हा मार्ग जलद.

रक्कम पाहून निर्णय

काही हजारांच्या फराळासाठी लवादाची अट लिहून उपयोग नाही. पूर्ण पैसे आगाऊ घ्या आणि मगच पार्सल सोडा. लाखाच्या मूर्तीला निम्मे ऑर्डरबरोबर, उरलेले जहाजावर चढवण्याआधी. पैसे नंतर मिळणार असतील आणि बुडाले तर धंदा हलेल इतकी रक्कम असेल, तेव्हाच वकिलाकडून करार तपासून घेण्याचा खर्च करा, आणि तो सहीच्या आधी करा.