जुन्या घराचा सौदा आणि काळाचा हिशेब

लखनौमधील चौक ही गोल दरवाजा व अकबरी दरवाजा यांच्या दरम्यानची जुनी बाजारपेठ होय. १७७५ मध्ये नवाब आसफउद्दौला याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि या भागाचे वैभव वाढले. येथील जुनी घरे पातळ लखौरी विटांची व चुन्याची. मध्ये अंगण, भोवती दालने. असे घर स्वस्तात घ्यावे, दुरुस्त करावे आणि चढ्या किमतीने विकावे, हा व्यवहार वरकरणी सोपा वाटतो. परंतु त्यातील नफा किमतीच्या फरकाइतकाच काळावरही अवलंबून असतो.

समजा, एखादे घर ४० लाख रुपयांस घेतले. उत्तर प्रदेशातील सर्वसाधारण दराने ७ टक्के मुद्रांक शुल्क व १ टक्का नोंदणी फी मिळून ३ लाख २० हजार होतात. दुरुस्तीस १० लाख धरल्यास एकूण खर्च ५३ लाख २० हजार. ६५ लाखांस विक्री झाली, तर ११ लाख ८० हजार उरतात. मात्र सर्व भांडवल द.सा.द.शे. १० टक्के सरळव्याजाने घेतलेले असेल, तर वर्षाला ५ लाख ३२ हजार व्याज होते. सव्वादोन वर्षांत सारा नफा संपतो.

विलंबाचे पहिले कारण म्हणजे अविभक्त मालकी. एका वारसाने लिहून दिलेल्या खरेदीखताने केवळ त्याचा हिस्सा मिळतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदारास संयुक्त कब्जा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा केल्यास, १८९३ च्या वाटणी कायद्यान्वये इतर हिस्सेदार न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस त्याचाच हिस्सा विकत घेऊ शकतात.

दुसरे कारण भाडेकरू. राज्याच्या १९७२ च्या भाडेनियंत्रण कायद्यात, भाडेकरूसह घर घेणाऱ्यास स्वतःच्या गरजेसाठी ते रिकामे करून मागण्यापूर्वी ३ वर्षे थांबावे लागे. २०२१ मध्ये नवा कायदा आला. तथापि भाडेकरूस बाहेर काढण्यासाठी आजही रीतसर आदेश लागतो.

तिसरे कारण भिंती. शेजारच्या घराशी सामाईक असलेली भिंत एकट्याच्या मर्जीने पाडता येत नाही. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आत कोंडते व विटा झिजू लागतात; नवे दिसणारे घर काही पावसाळ्यांतच खराब होते.

म्हणून सर्व वारसांच्या सह्या, मोकळा कब्जा आणि भिंतींची तपासणी या तीन गोष्टी इसार देण्यापूर्वीच पाहणे आवश्यक ठरते. खरेदीदार ज्याला विलंब म्हणतो, त्याच अवधीच्या आधारे एखाद्या वारसाचा किंवा भाडेकरूचा निवारा टिकून असतो. तो हिशेबात धरल्याविना घराची खरी किंमत कळत नाही.