मुंबई–लंडन : जाताना उशीर, येताना लवकर का?

प्रश्न : मुलीकडे लंडनला जाताना विमानाला सुमारे दहा तास लागले, येताना नऊसुद्धा नाहीत. अंतर तर तेच ना?

उत्तर : अंतर तेच, सरळ हवाई मार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर. फरक वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरला आणि समोरून शंभराचा वारा असला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ८००. तोच वारा पाठीशी आला की हजार! पुढच्या प्रवासात समोरच्या पडद्यावर 'ग्राउंड स्पीड' हा आकडा जाता-येता दोन्ही वेळा जरूर पाहा, फार छान उलगडा होतो. एखाद्या देशाचे आकाश विमानांना बंद असल्यास वळसाही पडतो, तो वेळ वेगळा.

तिकिटावरच्या वेळा मात्र त्या-त्या शहराच्या असतात. दुपारी दोनला मुंबईहून निघून दहा तासांनी पोहोचाल, तेव्हा लंडनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील, हिवाळ्यात साडेसहा. मुलीला विमानतळावर बोलावताना तीच वेळ सांगा.