चिखलात रुतलेले चाक

आज आपण थोडे दूरच्या देशात जाऊ. मेक्सिकोच्या मध्यभागी ग्वानाहुआतो नावाचे राज्य आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या सपाट, सुपीक पट्ट्याला ‘बाहीओ’ म्हणतात. बाहीओ म्हणजे सखल प्रदेश. तो सखल खरा, पण केवळ भोवतालच्या डोंगरांच्या मानाने! समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १७०० मीटर आहे. लेर्मा नदी या पट्ट्यातून वाहते. मका, ज्वारी, गहू व भाजीपाला ही इथली पिके.

आता असे दृश्य डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबर महिन्यातील सकाळ आहे. रात्रभर पाऊस पडून गेला आहे. एक शेतकरी आपल्या जुन्या पिकअप गाडीत दुधाच्या कॅन घालून गावाकडे निघाला आहे. शेतातून डांबरी सडकेपर्यंतची वाट मातीची आहे. वाटेच्या मध्यावर मागचे एक चाक घसरते, गाडी तिरकी होते आणि थांबते. शेतकरी जोराने अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. चाक गरगर फिरते, चिखल मागे उडतो आणि गाडी पुढे जाण्याऐवजी खाली जाते. ऊन चढले की दूध नासणार, म्हणजे एका दिवसाची मिळकत बुडणार. म्हणून तो आणखी जोराने दाबतो. आता तर गाडीचा आसच मातीला टेकतो!

शंभर अश्वशक्तीचे इंजिन असलेली गाडी मूठभर चिखलापुढे का हरावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मातीचे, घर्षणाचे आणि चाकाचे बरेचसे विज्ञान आपल्या हाती लागते. शिवाय ते आपल्याही उपयोगाचे आहे. कसे, ते पाहू.

ओळखीची माती

बाहीओची माती पाहून आपल्याकडचा शेतकरी म्हणेल, “ही तर आमचीच काळी!” आणि त्यात फारसे चूक नाही. मृदाशास्त्रज्ञ बाहीओची काळी जमीन आणि विदर्भ-मराठवाड्याची काळी कसदार जमीन या दोहोंना एकाच वर्गात घालतात. त्या वर्गाचे नाव वर्टिसॉल. लॅटिन भाषेत ‘वर्टेरे’ म्हणजे उलटणे. उन्हाळ्यात या जमिनीला खोल भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते. पावसाळ्यात जमीन फुगते आणि खालची माती वर ढकलली जाते. अशी ही जमीन आपली आपणच उलटत राहते.

दोन्हीकडे मातीची आई एकच, ती म्हणजे ज्वालामुखीचा खडक. आपला दख्खनचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. मध्य मेक्सिकोत मात्र ज्वालामुखी अजून जागे आहेत. बाहीओला लागून असलेल्या मिचोआकान राज्यात १९४३ साली मक्याच्या एका शेतातूनच पारिकुतीन नावाचा नवा ज्वालामुखी वर आला होता!

पाऊसमानही ओळखीचेच आहे. बाहीओत वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे वाटा आठ महिने दगडासारख्या कठीण, आणि चार महिने लोण्यासारख्या मऊ.

मातीच्या पोटात

वाळूचा कण डोळ्यांना दिसतो. चिकणमातीचा कण मात्र ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असतो. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या प्रकारची खनिजे भरपूर असतात. ती पातळ पापुद्र्यांची बनलेली असतात. एक पापुद्रा इतका पातळ, की असे दहा लाख पापुद्रे एकावर एक रचले तर उंची भरेल जेमतेम १ मिलिमीटर! शुद्ध स्वरूपातील अशा १ ग्रॅम खनिजाचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले, तर ७०० ते ८०० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे कबड्डीची पाच-सहा मैदाने.

पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. आता ते एकमेकांवरून पत्त्यांच्या कॅटातील पत्त्यांसारखे घसरू शकतात. पाणी वाढत जाते तशी माती आधी घट्ट, मग कणकेसारखी आणि शेवटी पिठल्यासारखी होते. या अवस्था किती पाण्याला बदलतात, हे मोजण्याची रीत स्वीडनच्या आल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ साली सांगितली. कणकेसारखी माती निदान आकार तरी धरते, पिठल्यासारखी माती काहीच धरत नाही.

चाक पुढे का जात नाही?

गाडीला पुढे नेते कोण? इंजिन, असे तुम्ही म्हणाल. पण इंजिन केवळ चाक फिरवते. चाक जमिनीला मागे ढकलते आणि जमीन चाकाला पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. जमिनीने दिलेली ही ढकल घर्षणातून मिळते. घर्षण नसेल, तर इंजिनाची शक्ती केवळ चाक फिरवण्यात वाया जाते.

थोडे गणित करू. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. आपल्या पिकअपचे वजन १८०० किलोग्रॅम आहे. इंजिन पुढे असल्याने ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर आणि ४० टक्के, म्हणजे ७२० किलोग्रॅम, मागच्या चाकांवर पडते. अशा बहुतेक जुन्या गाड्यांत इंजिन फक्त मागची चाके फिरवते. म्हणजे ज्या चाकांनी जमीन पकडायची, त्यांच्यावरच भार कमी!

कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक सुमारे ०.७ धरला, तर ढकल मिळेल ७२० × ०.७ = ५०४ किलोग्रॅम-भार. ओल्या चिकणमातीवर घर्षणांक ०.२ धरला, तर मिळेल फक्त १४४ किलोग्रॅम-भार.

आता विरोध किती ते पाहू. रुतलेले प्रत्येक चाक एका खळग्यात बसलेले असते. पुढे जायचे, म्हणजे त्याला सतत एक चढ चढावा लागतो, आणि चाक पुढे सरकले की तो चढही पुढे सरकतो. हा विरोध गाडीच्या वजनाच्या १० टक्के धरला, तरी तो १८० किलोग्रॅम-भार झाला. ढकल १४४, विरोध १८०. गाडी कशी हलणार?

एक चाक फिरते, दुसरे स्वस्थ

तुम्ही कधी नीट पाहिले असेल, तर रुतलेल्या गाडीचे एकच चाक गरगरताना दिसते. याचे कारण डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही दंतचक्रांची रचना आसाच्या मध्यभागी बसवतात. सडकेवर ती फार सोयीची, पण चिखलात तीच नडते. कारण ती दोन्ही चाकांना सारखेच पीळबल देते. एक चाक पातळ चिखलात जाऊन त्याला केवळ ३६ किलोग्रॅम-भार पकड मिळाली, तर दुसऱ्यालाही तेवढेच मिळते, मग ते कोरड्या जमिनीवर का असेना. एकूण ढकल झाली ७२. म्हणजे आपले १४४ निम्म्यावर आले.

अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर काय होते? गरगरणारे चाक माती आणि पाणी घुसळते. कणकेसारखी माती पिठल्यासारखी होते. टायरच्या खाचा चिखलाने भरून टायर गुळगुळीत होतो. चाक आपल्याच खालची माती उपसून मागे फेकते आणि खड्डा खोल करते. जितका जोर, तितका खड्डा. म्हणून पहिला नियम असा : चाक जागेवर फिरू लागले, की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा.

बैलजोडी का जिंकते?

मेक्सिकोच्या कित्येक खेड्यांत अजूनही बैलजोडी आहे. तिला ते ‘युंता’ म्हणतात. गंमत अशी की, स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात येण्यापूर्वी या देशात बैल नव्हता, घोडाही नव्हता. चाक मात्र ठाऊक होते! व्हेराक्रूझ भागातील उत्खननांत चाके लावलेली मातीची प्राण्यांची खेळणी सापडली आहेत. पण गाडी ओढणारे जनावरच नव्हते, त्यामुळे माणसे कपाळावरून घेतलेल्या रुंद पट्ट्याच्या आधाराने पाठीवर ओझी वाहत. त्या पट्ट्याचे नाव ‘मेकापाल’.

तर आपल्या शेतकऱ्याच्या मदतीला शेजारी बैलजोडी घेऊन आला असे समजा. दोन बैल मिळून फार तर एक-दीड अश्वशक्ती. मग शंभर अश्वशक्ती जिथे हरली, तिथे ती कशी पुरी पडते? कारण दोर लांब आहे. बैल चिखलाच्या बाहेर, घट्ट जमिनीवर उभे आहेत. त्यांची पकड चांगली आहे. त्यांनी सावकाश ९० किलोग्रॅम-भार ओढ दिली, आणि दरम्यान चाकांखाली काही घालून चाकांची ढकल पुन्हा १४४ वर आणली, तर बेरीज होते २३४. विरोध होता १८०. गाडी निघाली! अडचण शक्तीची नव्हती, पकडीची होती.

बाहेर काढण्याची रीत

बैल नसले तर? मग हे उपाय करावेत. प्रत्येकामागचे कारणही लक्षात घ्या.

१. फावड्याने चाकांच्या पुढची माती उतरती करून काढावी. आस टेकला असल्यास त्याखालचीही काढावी. त्यामुळे चढ कमी होतो, म्हणजे विरोध कमी होतो.

२. चाकाखाली मक्याची वाळलेली ताटे, दगड किंवा फळ्या घालाव्यात. त्यामुळे घर्षण वाढते आणि भार पसरतो. बाहीओत मेस्कीतची झाडे पुष्कळ आहेत. ती आपल्या वेड्या बाभळीची जातभाई. पण तिच्या फांद्या घालू नयेत, काट्याने टायर पंक्चर व्हायचा!

३. टायरमधील हवा थोडी कमी करावी. मागच्या एका चाकावर ३६० किलोग्रॅम भार आहे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.४ किलोग्रॅम असेल, तर टायर जमिनीला सुमारे १५० चौरस सेंटिमीटर टेकतो, म्हणजे पोस्टकार्डाहून थोडा जास्त. दाब निम्मा केला, तर ही जागा सुमारे दुप्पट होते आणि चाक कमी रुतते. सडकेवर येताच हवा पुन्हा भरायला मात्र विसरू नये.

४. चाक जॅकने उचलायचे असल्यास जॅकखाली रुंद फळी ठेवावी, नाहीतर जॅकच खाली जाईल. चाक वर येताना चिखल त्याला धरून ठेवतो, कारण खाली हवा शिरायला वाट नसते. चिखलात अडकलेली चप्पल आठवा.

५. गाडी खालच्या गिअरमध्ये, अगदी सावकाश चालवावी. पुढे जमले नाही, तर आल्या चाकोरीने मागे घ्यावी.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. ताणलेल्या दोरात स्थितिज ऊर्जा साठते. दोर तुटला किंवा आकडा निसटला, तर ती क्षणात मोकळी होते आणि दोराचे टोक चाबकासारखे येते. अशा फटक्याने माणसे दगावली आहेत. म्हणून दोर गाडीच्या सांगाड्याला बांधावा, बंपरला नव्हे. त्याच्या मध्यावर ओले पोते टाकावे, आणि बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभे राहावे. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. गाडीची धूर सोडणारी नळी चिखलात बुडाली असेल, तर इंजिन चालू ठेवून आत बसू नये. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत साठू शकतो.

चुना, स्वयंपाकात आणि रस्त्यावर

गाडी निघाली, पण वाट तशीच राहिली. उद्या तिथेच दुसरी रुतेल. १९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोत मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावांना सामाईक देण्यात आल्या. अशा जमिनीला ‘एहिदो’ म्हणतात. अध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत, १९३४ ते १९४० या काळात, सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन अशी वाटली गेली. एहिदोच्या वाटाही सामाईक. त्यामुळे खड्डे बुजवायला गावकरी अनेकदा श्रमदानाने एकत्र येतात. काही भागांत या श्रमदानाला ‘फाएना’ म्हणतात. मुरूम जसा आपल्याकडे, तसा तिकडे ‘तेसोन्त्ले’ हा लालसर, सच्छिद्र ज्वालामुखी दगड वाटेवर टाकतात. त्यातून पाणी झिरपून जाते.

काळ्या मातीवर आणखी एक औषध आहे, ते म्हणजे चुना. चुन्यातील कॅल्शियम पापुद्र्यांना जवळ धरून ठेवते. मातीचे फुगणे कमी होते आणि काही दिवसांत ती कठीण बनते. रस्ते बांधणारे अभियंते अशा मातीत वजनाच्या काही टक्के चुना मिसळतात. मेक्सिकोच्या गृहिणीला चुना नवा नाही. ती मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवते आणि मग तो दळून तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, करते. या प्रक्रियेने मक्याची साल सुटते आणि त्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. स्वयंपाकघरातील तोच चुना वाटेवर पडला, तर दूध वेळेवर पोचते, आजारी माणूस दवाखान्यात पोचतो आणि मुले शाळेत पोचतात.

करून पाहा

दोन थाळ्यांत काळी माती व वाळू घ्या. दोन्हींत सारखेच थोडे पाणी घालून थापा. प्रत्येकावर एक वीट ठेवा आणि ताणकाट्याने आडवी ओढा. वीट हलण्याच्या क्षणी काटा किती दाखवतो, ते लिहा. दर खेपेला दोन चमचे पाणी वाढवून पुन्हा मोजा. मग विटेखाली कडब्याची ताटे घालून मोजा. मोजमापांचा आलेख काढा.

विचार करा

१. पिकअपमध्ये मक्याची पोती भरली, तर चाकांची पकड वाढेल का? मऊ माती खोलवर असेल, तर याच ओझ्याचा काय परिणाम होईल?

२. पुढची चाकेही इंजिनाने फिरवली, तर आपल्या उदाहरणात एकूण ढकल किती होईल?

३. तुमच्या गावात पावसाळ्यात गाड्या नेमक्या कुठे रुततात? तिथली माती, उतार आणि पाणी जाण्याची वाट यांचा नकाशा काढून वर्गात दाखवा.