वेबसाइट 'कधीकधीच' अडकते? आधी ते 'कधी' शोधा!

समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे आणि ऑर्डर वेबसाइटवरून येतात. एक दिवस ग्राहकाचा मेसेज येतो, "ताई, ऑर्डरचं बटण दाबलं, काहीच होत नाहीये." तुम्ही स्वतःच्या फोनवर बघता, तर सगळं व्यवस्थित. डेव्हलपर म्हणतो, "माझ्याकडे तर चालतंय." मग आपण ग्राहकाला सांगतो, "परत एकदा करून बघा," आणि विषय तिथेच संपतो.

खरं नुकसान इथेच होतं. एखादा ग्राहक मेसेज तरी करतो. बाकीचे गुपचूप दुसरीकडून मसाला घेतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कॉम्प्युटरला मूड नसतो. एरर 'कधीकधी' येते, म्हणजे ती ठरावीक परिस्थितीतच येते. ती परिस्थिती आपल्याला अजून सापडलेली नाही, एवढंच.

आपल्याला ती दिसत का नाही?

वेबसाइटचा काही कोड सर्व्हरवर चालतो, तो आपल्या ताब्यात असतो. बाकीचा, म्हणजे जावास्क्रिप्ट, ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. फोन त्याचा, नेट त्याचं. तिथे काही बिघडलं तर आपल्या सर्व्हरला पत्ताही लागत नाही.

नेहमीचे चार संशयित

१. जुनं पान, नवा कोड: ग्राहकाने सकाळी पान उघडून ठेवलं. दुपारी डेव्हलपरने नवीन व्हर्जन टाकलं आणि जुन्या फाइल्स काढल्या. आता ते पान अशी फाइल मागतं जी सर्व्हरवर नाहीच. रिफ्रेश केलं की चालतं, म्हणून कारण कुणी शोधत नाही. उपाय: जुन्या फाइल्स काही दिवस राहू द्या आणि गर्दीच्या वेळी अपडेट टाकू नका.

२. मंद नेट: बटण आधी दिसतं, किमतीची माहिती मागून येते. मधल्या वेळात ग्राहकाने बटण दाबलं की एरर! तुमच्या वायफायवर हे सगळं क्षणात होतं, म्हणून तुम्हाला कळतच नाही. उपाय: माहिती येईपर्यंत बटण बंद ठेवायचं.

३. ब्राउझरचं भाषांतर: साइट इंग्रजीत असेल तर ग्राहक क्रोममधूनच तिचं मराठी करून घेतो. तेव्हा क्रोम पानातला मजकूर स्वतः बदलतो. रिअ‍ॅक्टवर बनवलेली साइट यामुळे कधी कधी कोलमडते. उपाय: साइटच मराठीत द्या, आणि अडणाऱ्या भागाचं भाषांतर होऊ नये अशी खूण डेव्हलपरला कोडमध्ये करायला सांगा.

४. इन्स्टाग्रामच्या आतला ब्राउझर: तिथली लिंक त्याच अ‍ॅपच्या आत उघडते. अशा ब्राउझरमधून यूपीआय अ‍ॅप उघडताना अडचण येऊ शकते. तुमची जाहिरात तिथे असेल तर टेस्टिंगही तिथूनच करा.

आता करायचं काय?

पहिलं, तक्रार आली की पाच गोष्टी विचारा: किती वाजता झालं? फोन कोणता? लिंक कुठून उघडली? वायफाय की मोबाइल डेटा? बटण दाबण्याआधी काय केलं होतं? स्क्रीन रेकॉर्डिंग मिळालं तर उत्तमच. सगळं एका वहीत लिहा. चार-सहा नोंदी झाल्या की त्यांच्यातलं साम्य शोधा. सगळे मोबाइल डेटावर होते का? अपडेटच्या दिवशीच झालं का?

दुसरं, तीच परिस्थिती स्वतः तयार करा. लॅपटॉपवर क्रोममध्ये एफ १२ दाबा. नेटवर्क टॅबमधून स्पीड मुद्दाम कमी करा आणि ऑर्डर देऊन बघा. कन्सोलमध्ये लाल ओळ आली की जशीच्या तशी डेव्हलपरला पाठवा. साध्या विंडोत अडतं पण इन्कॉग्निटोमध्ये चालतं, तर साठवलेल्या जुन्या फाइल्स, कुकीज किंवा एक्स्टेंशनवर संशय घ्या.

तिसरं, ब्राउझरमधली एरर आपोआप आपल्यापर्यंत पोचेल अशी सोय करून घ्या. सेन्ट्रीसारखी टूल्स हेच काम करतात. त्यात नुसतंच 'स्क्रिप्ट एरर' दिसलं, तर बहुतेक ती स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून येतेय. तपशील दिसण्यासाठी क्रॉसओरिजिनची सेटिंग करावी लागते. आणि हो, ग्राहकाचा फोन नंबर, पत्ता अशा नोंदींत साठवू नका.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैशांचा हिशेब ग्राहकाच्या ब्राउझरवर सोडू नका. पैसे कटले आणि 'धन्यवाद'चं पान उघडायच्या आधीच नेट गेलं, तर ऑर्डर नोंदली जाते का? पेमेंट गेटवे थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात. ऑर्डर त्यावरूनच पक्की झाली पाहिजे. पैसे गेले आणि माल नाही, असं एकदा झालं तरी विश्वास उडतो.

आजचा गृहपाठ: स्वतःच्याच साइटवर मोबाइल डेटावरून, इन्स्टाग्रामच्या लिंकमधून एक खरी ऑर्डर देऊन बघा, आणि क्रोममध्ये मराठी भाषांतर चालू ठेवून आणखी एक. जिथे अडेल ते वहीत लिहा. डेव्हलपरला "कधीकधी अडतं" असं सांगितलं तर तो अंदाज बांधत बसेल, आणि त्या वेळेचं बिल तुम्हीच भराल. "अमुक केलं की अडतं" असं सांगा, तो थेट कामाला लागेल.